समुद्र लांब असला तरी: जेलीफिश आणि तिच्या सोबत्यांची डीएनए बारकोडने ओळख, विदर्भातल्या नवशिक्यांसाठी

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलामुलींची जेलीफिशशी ओळख होते ती पुस्तकातल्या आकृतीतून, नाहीतर प्रयोगशाळेतल्या पिवळ्या पडलेल्या बरणीतून. एम.एस्सी.च्या प्रकल्पांची यादी चाळताना ‘सागरी’ हा शब्द दिसला की पोरं पुढच्या विषयाकडे वळतात. हा विषय त्यांनी सोडू नये असं मला मनापासून वाटतं. डीएनए बारकोडिंगच्या कामात किनाऱ्यावरचे काही तास लागतात, प्रयोगशाळेतले काही दिवस लागतात, आणि संगणकासमोर कित्येक आठवडे जातात. शेवटचा भाग आमगावात किंवा देसाईगंजमध्ये बसूनही होतो, मोबाइलच्या इंटरनेटवर. आणि अंतराचं म्हणाल, तर गोंदियाहून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरच्या पुढे, पण विशाखापट्टणम साधारण सव्वापाचशेवर. पूर्व विदर्भाला बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा जवळ आहे, हे नकाशा उघडेपर्यंत बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आधी प्राणी कोणते ते बघा

लिबलिबीत प्राणिप्लवक हे एक कुळ नाही. पाण्यासोबत वाहणारे, पारदर्शक, शरीरात ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी असणारे प्राणी एवढंच त्यांच्यात समान. नात्याने ते एकमेकांपासून फार लांबचे असतात. निडारिया संघातले खरे जेलीफिश (स्कायफोझोआ), पेटीच्या आकाराचे क्युबोझोआ, बारीक हायड्रोमेड्युसा आणि वसाहत करून राहणारे सायफोनोफोर हा एक गट. टिनोफोरा, म्हणजे कंगव्यासारख्या आठ रांगा असलेले प्राणी, हा वेगळाच संघ. त्यांना दंशपेशी नसतात, चिकटपेशी असतात. साल्प आणि डोलिओलिड हे तर ट्युनिकेट, म्हणजे आपल्या, पाठीचा कणा असणाऱ्यांच्या बाजूचे. बाणासारखे किटोग्नाथ आणखी निराळे.

ही विभागणी सुरुवातीलाच पक्की करायला सांगतो, कारण पुढे कुठला जीन घ्यायचा, कुठला प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारा छोटा डीएनए) लावायचा, क्रमाचं प्रथिनात भाषांतर करायला कुठला तक्ता निवडायचा, हे सगळं गटावर ठरतं. नमुना हातात आला की पहिले प्रश्न असे: आठ चमकत्या रांगा आहेत का? पिंपासारख्या अंगाभोवती स्नायूंचे पट्टे आहेत का? छत्री आहे का, आणि तिच्या काठाला आतून पातळ पडदा आहे का? पडदा असेल तर बहुतेक हायड्रोमेड्युसा. एवढं भिंगाखाली पाच मिनिटांत कळतं.

बारकोड म्हणजे काय

२००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलं की प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या जीनचा ठरावीक तुकडा वाचला तर बहुतेक प्रजाती वेगळ्या ओळखता येतात. तो तुकडा साधारण ६५८ बेसचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांचा. तो वाढवणारे प्रायमर, एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८, फोल्मर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच प्रसिद्ध केले होते. एकाच प्रजातीच्या दोन प्राण्यांत या तुकड्यात फरक कमी असतो, दोन प्रजातींमध्ये जास्त. मधल्या या दरीला ‘बारकोड गॅप’ म्हणतात.

लिबलिबीत प्राण्यांना याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. जाळ्यात ते फाटतात. इथेनॉलमध्ये आकसतात. टिनोफोर फॉर्मॅलिनमध्ये बहुधा विरघळूनच जातात. हायड्रोझोआत पॉलिप तळाला चिकटलेला आणि मेड्युसा पाण्यात तरंगणारी. दोन्ही एकाच प्राण्याची रूपं, पण जुन्या अभ्यासकांनी कित्येकदा दोघांना वेगवेगळी नावं दिली. दोघांचा बारकोड जुळला की ती गाठ सुटते. आणि दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या प्रजाती तर या प्राण्यांत जागोजाग सापडतात. ‘ऑरेलिया ऑरिटा’ ही चंद्राकार जेलीफिश जगभर एकच आहे असं बराच काळ मानलं जाई. २००१ मध्ये डॉसन आणि जेकब्स यांनी डीएनए तपासून तिच्यात अनेक प्रजाती दडल्याचं दाखवलं, आणि २०२१ च्या मोठ्या पुनर्तपासणीत ऑरेलियाच्या प्रजाती पंचवीसच्या पुढे गेल्या. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येणारी निळी फायसेलिया घ्या. २०२५ मध्ये जीनोमच्या अभ्यासातून तिच्याही किमान चार प्रजाती असल्याचं पुढे आलं.

पहिली पायरी: घरी बसून, फुकट

किनाऱ्याचं तिकीट काढण्याआधी दोन-तीन आठवडे हे करा. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या जेनबँकेत, म्हणजे डीएनए-क्रमांच्या भांडारात, सीओआयच्या हजारो नोंदी खुल्या आहेत. ऑरेलिया, क्रायसाओरा, सायनिया, पेलाजिया, क्रॅम्बिओनेला आणि ऱ्होपिलेमा या प्रजातिसमूहांच्या (जीनसच्या) तीन-चार नोंदी प्रत्येकी उतरवून घ्या. बाहेरचा नातेवाईक म्हणून हायड्राची एक नोंद घाला. सगळ्या एका फास्टा फाइलमध्ये (क्रमांची साधी मजकूर फाइल) ठेवा आणि प्रत्येक नावापुढे देश लिहा. ‘मेगा’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात मसल किंवा क्लस्टल-डब्ल्यूने ओळी जुळवा, किमुरा टू-पॅरामीटर पद्धतीने अंतरं काढा, नेबर-जॉइनिंगचं नात्यांचं झाड बांधा, १००० बूटस्ट्रॅप (फांद्या किती पक्क्या ते तपासणाऱ्या फेऱ्या) द्या.

ऑरेलियाच्या नोंदी वेगवेगळ्या समुद्रांतल्या घेतल्या असतील तर एकाच नावाच्या ओळी झाडावर वेगवेगळ्या फांद्यांवर बसलेल्या दिसतील. थोडा वेळ इथे घालवा. कुठली नोंद कोणी, कुठून, कुठल्या वर्षी टाकली ते उघडून वाचा. जेनबँकेतल्या नोंदीवरचं नाव टाकणाऱ्याने दिलेलं असतं. प्राणी कुणी तपासून ते नाव पक्कं केलं आहेच असं नाही. काही नावं चुकीची आहेत, काही जुनी झालेली आहेत. हे डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे ‘९९ टक्के जुळलं, काम झालं’ असं म्हणत नाही. नाव आज मान्य आहे का ते सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीत, म्हणजे ‘वर्म्स’वर तपासायची सवय याच वेळी लावून घ्या.

दुसरी पायरी: गावच्या बोडीतली हायड्रा

निडारिया संघातला जिवंत प्राणी आपल्याकडे नाही असं समजू नका. हायड्रा हायड्रोझोआ वर्गातलीच. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरच्या मालगुजारी तलावांत आणि बोड्यांत, शांत आणि स्वच्छ पाण्याच्या कडेला हायड्रिलाच्या किंवा शिंगाड्याच्या पानांखाली ती चिकटलेली सापडू शकते. हिवाळ्यात शोधा. ढिवर मंडळींना विचारलं तर वनस्पती दाट असलेली, गाळ न ढवळलेली जागा ते अचूक दाखवतात. शिंगाड्याच्या वाडीत उतरायचं तर आधी त्यांची परवानगी घ्या. पानं तलावाच्याच पाण्यासह काचेच्या बरणीत भरा आणि रात्रभर खिडकीजवळ न हलवता ठेवा. सकाळी उजेडाच्या बाजूच्या काचेवर बारीक दोऱ्यासारखे जीव लटकलेले दिसले तर काम झालं.

आता महत्त्वाचं. हायड्राला दोन दिवस उपाशी ठेवा, पाणी बदला, मगच तिचा डीएनए काढा. तिच्या पोटात डॅफ्निया किंवा सायक्लॉप्स असेल तर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र, त्याचाही डीएनए वाढवतं, आणि तुमच्या हायड्राचा बारकोड एखाद्या कवचधारी प्राण्याचा निघतो. समुद्रातल्या जेलीफिशच्या बाबतीत हीच अडचण मोठी असते, कारण त्यांच्या पोटात माशांची पिल्लंसुद्धा असतात. ती समजायला हायड्रासारखा गुरू नाही.

गोड्या पाण्यातली जेलीफिशही भारतात आहे. नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला साताऱ्याकडच्या, कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांतून ‘लिम्नोक्निडा इंडिका’ या प्रजातीचं वर्णन केलं. हेच अ‍ॅनंडेल पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक झाले. आपल्या तलावात कधी रुपयाच्या नाण्याएवढी पारदर्शक, उघडझाप करणारी छत्री दिसली तर तिला हाताने पकडू नका. काचेच्या ग्लासात अलगद घ्या, व्हिडिओ काढा, आणि प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना त्याच दिवशी कळवा.

तिसरी पायरी: किनारा

सहल ठरवताना आधी परवानगी पाहा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका. हद्दीबाहेरच्या किनाऱ्यावर, मासळी उतरते त्या बंदरावर आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जाते तिथे मच्छीमारांशी बोलून नमुने मिळतात. जाळ्यात आलेली जेलीफिश ते वैतागून फेकूनच देत असतात. पावसाळ्यात वाऱ्यामुळे पोर्पिटा (निळ्या बटणासारखी) आणि फायसेलिया वाळूवर येऊन पडतात. किनारी भागातलं मत्स्य महाविद्यालय किंवा प्राणिशास्त्र विभाग तुमच्या कॉलेजच्या पत्रावर बसायला टेबल आणि सूक्ष्मदर्शक देऊ शकतो. हे पत्र महिनाभर आधी पाठवा.

पकडायचं कसं? मोठी जेलीफिश बादलीत किंवा मोठ्या भांड्यात पाण्यासकट घ्यायची, जाळीने उचलायची नाही. बारीक प्राण्यांसाठी प्लवक जाळी वापरता येते. नेहमीची २०० मायक्रॉनची जाळी जोरात ओढली तर त्यांचा चोथा होतो. ५०० मायक्रॉनच्या आसपासची जाळी अगदी सावकाश ओढा आणि टोकाला पाणी धरून ठेवणारी बंद बाटली लावा. जेट्टीच्या पायऱ्यांवर बसून ओगराळ्याने उचललेला एक अखंड टिनोफोर, जाळीतल्या मूठभर तुकड्यांपेक्षा जास्त उपयोगी.

दंशाबद्दल गंभीर राहा. मेलेल्या, वाळलेल्या फायसेलियाच्या दोऱ्यांतल्या दंशपेशीही फुटतात. जाड हातमोजे आणि चिमटा. डंख झालाच तर चोळू नका, वाळू लावू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे चिमट्याने काढा, आणि सोसेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं धरा. श्वास लागला, छातीत दुखलं, चक्कर आली तर थेट दवाखाना.

चौथी पायरी: बाटली भरण्याआधी

बारकोडिंगमधला सगळ्यात कमी शिकवला जाणारा आणि सगळ्यात जास्त महत्त्वाचा भाग हा. यंत्रातून आलेला बेसचा क्रम पुन्हा काढता येतो. प्राणी जिवंत असताना कसा दिसत होता, हे पुन्हा मिळत नाही.

काचेच्या ट्रेखाली काळं कापड अंथरा, प्रकाश बाजूने टाका, शेजारी पट्टी ठेवा आणि वरून, खालून, बाजूने फोटो घ्या. शुंडकं किती, मुखबाहू किती, छत्रीच्या काठावरच्या ज्ञानेंद्रियांच्या खाचा किती, अरीय नलिका किती, जननग्रंथी कुठे आणि कुठल्या रंगाच्या, हे वहीत लिहा. रंग दुसऱ्या दिवशी राहत नाही. ठिकाण जीपीएससह, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, खारेपणा, पकडायची रीत, पकडणाऱ्याचं नाव, हे सगळं लिहा. प्रत्येक प्राण्याला एक क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक फोटोवर, बाटलीवर, वहीत आणि पुढे डीएनएच्या नळीवर असू द्या. लेबल जाड कागदावर शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते.

मग एका प्राण्याच्या दोन बाटल्या करा. पहिल्या बाटलीत (इथेनॉलमध्ये, किंवा पुढे सांगितलेल्या ‘डेस’मध्ये) डीएनएसाठी छत्रीच्या काठाचा किंवा शुंडकाचा तांदळाएवढा तुकडा, गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने दोनदा धुतलेला. पोटाजवळचा तुकडा घेऊ नका. छत्रीवर बसलेले बारीक अ‍ॅम्फिपॉड असतात, ते काढून टाका; हवे तर तेही वेगळ्या बाटलीत जपा. उरलेला अखंड प्राणी दुसऱ्या बाटलीत फॉर्मॅलिनमध्ये. बाजारातलं फॉर्मॅलिन एक भाग आणि समुद्राचं पाणी नऊ भाग घेतलं की साधारण ४ टक्के फॉर्माल्डिहाइड तयार होतं. हा झाला व्हाउचर नमुना. उलटं करू नका: फॉर्मॅलिनमध्ये गेलेला डीएनए जागोजाग बांधला जातो आणि तुटतो, त्यावर साधा पीसीआर बहुतेक वेळा चालत नाही. टिनोफोर फॉर्मॅलिनमध्ये टिकत नसल्याने त्यांच्यासाठी फोटो आणि व्हिडिओ हाच मुख्य पुरावा असतो. व्हाउचर नसलेला बारकोड म्हणजे जमीन न दाखवता हातात दिलेला सातबारा.

इथेनॉलचं गणित नवशिक्यांना फसवतं. पाच मिलिलिटर जेलीफिश ९५ टक्क्यांच्या दहा मिलिलिटर इथेनॉलमध्ये टाकली तर तिच्यातलंच पाणी मिसळून इथेनॉल ६३ टक्क्यांवर येतं. इतक्या पातळ इथेनॉलमध्ये डीएनए सडायला लागतो. म्हणून तुकडा छोटा, इथेनॉल त्याच्या दहा पट, आणि चोवीस तासांनी जुनं ओतून नवं भरायचं. सॅनिटायझर किंवा निळा डिनेचर्ड स्पिरिट चालत नाही. शुद्ध इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाकडे ती असते का ते आधी विचारा.

आता आपल्या भागाची खास अडचण. रेल्वेत आणि एसटीत ज्वलनशील द्रव न्यायला मनाई आहे, आणि हा नियम योग्यच आहे. वर उन्हाळ्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, फ्रीजची वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना ‘डेस’ नावाचं द्रावण वापरायला सांगतो: २० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए, पीएच ८, आणि विरघळेल तेवढं मीठ. लिटरमागे डायसोडियम ईडीटीए ९३ ग्रॅम लागतं. पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ८ वर येईपर्यंत ते नीट विरघळत नाही, तेव्हा घाई करू नका. यात ऊतीचा डीएनए फ्रीजशिवाय, खोलीच्या तापमानाला टिकतो, इथेनॉलसारखा चटकन पेट घेण्याचा धोकाही नसतो. थंडीत तळाला खडे जमले तर काळजी नको, ते मीठ आहे. डीएमएसओ त्वचेतून आत शिरतं, हातमोजे घाला. फॉर्मॅलिनच्या बाटल्या मात्र गाडीत घेऊन बसू नका. त्या किनाऱ्यावरच्या संस्थेकडे ठेवायची सोय त्या पत्रातच मागा.

पाचवी पायरी: डीएनए काढणं

तुकडा टिपकागदावर दाबून द्रावण काढा. प्रोटिनेज-के घालून ५६ अंशांवर तुकडा दिसेनासा होईपर्यंत ठेवा. पुढे विकतचं किट असेल तर त्याच्या पुस्तिकेप्रमाणे, नसेल तर सीटीएबी या रसायनाची जुनी रीत. जेलीफिशच्या बाबतीत मला सीटीएबी जास्त आवडते, कारण या प्राण्यांच्या अंगात म्युकोपॉलिसॅकराइडचा चिकटा फार असतो आणि तो पीसीआर अडवतो. नळीतला डीएनए शेंबडासारखा ओघळत असेल तर तो चिकटाच आहे असं समजा. डीएनए भरपूर दिसतोय पण पीसीआर होत नाही, असं झालं की बहुतेक जण आणखी डीएनए घालतात. करायचं उलटं: दहा पट, मग पन्नास पट पातळ करा, मिश्रणात थोडं बीएसए (पीसीआरमधले अडथळे कमी करणारं प्रथिन) घाला.

सहावी पायरी: जीन आणि पीसीआर

स्कायफोझोआ आणि बऱ्याच हायड्रोझोआंसाठी फोल्मरचे सीओआय प्रायमर आधी लावून पाहा. हायड्रोझोआ आणि सायफोनोफोरसाठी सोबत १६एस (मायटोकॉन्ड्रियातला रायबोसोमचा जीन) घ्याच. या गटात तो चांगला वाढतो आणि तुलनेला नोंदीही भरपूर आहेत. टिनोफोरांत सीओआयवर वेळ घालवू नका. त्यांचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम अतिशय छोटा, नेमिऑप्सिसमध्ये जेमतेम दहा हजार बेसचा, आणि इतक्या वेगाने बदलणारा की नेहमीचे प्रायमर बसत नाहीत. तिथे १८एस आणि आयटीएस, म्हणजे केंद्रकातल्या रायबोसोमच्या जीनचे भाग. साल्पांतही सीओआय हट्टी आहे, १८एस जोडीला ठेवा. फक्त हे लक्षात ठेवा की १८एस हळू बदलतो: कुटुंब किंवा प्रजातिसमूह सांगेल, प्रजातीचा निवाडा त्यावर देऊ नका.

सुरुवातीचा कार्यक्रम असा: ९४ अंशांवर ३ मिनिटं, मग ३५ फेऱ्या, प्रत्येकीत ९४ अंशांवर ३० सेकंद, ४८ ते ५० अंशांवर ४५ सेकंद, ७२ अंशांवर १ मिनिट, शेवटी ७२ अंशांवर ७ मिनिटं. प्रत्येक वेळी एका नळीत डीएनएऐवजी पाणी घाला. त्या नळीत पट्टा आला तर त्या दिवसाचं सगळं टाकून द्या, कितीही वाईट वाटलं तरी. दीड टक्के अगॅरोज जेलवर ७०० बेसच्या आसपास एकच स्वच्छ पट्टा हवा. यंत्र यूपीएसवर आहे ना, आणि गावाच्या भारनियमनाची वेळ कोणती, हे सुरू करण्याआधी विचारा.

सिक्वेन्सिंग, म्हणजे बेस वाचणं, बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायचं, सेंगर पद्धतीने, दोन्ही बाजूंनी. एका बाजूने केलं की पैसे वाचतात आणि शंका राहतात.

सातवी पायरी: क्रम वाचणं

कंपनी दोन प्रकारच्या फाइली पाठवते. अक्षरांची फाइल बाजूला ठेवा, आधी क्रोमॅटोग्राम (प्रत्येक बेसचं शिखर दाखवणारा आलेख) उघडा. सुरुवातीचे तीस-पन्नास बेस आणि शेवटचा भाग गढूळ असतो, तो कापा. वाचनाच्या दर्जाचा आकडा क्यू-२० म्हणजे शंभरात एक चूक होण्याची शक्यता, क्यू-३० म्हणजे हजारात एक. मध्येच एकाखाली एक दोन शिखरं सलग दिसत असतील तर नळीत दोन प्राणी आहेत: बहुधा जेलीफिश आणि तिचं जेवण. दोन्ही बाजू जोडा, प्रायमरची अक्षरं काढून टाका.

मग प्रथिनात भाषांतर करून पाहा. सीओआय हा प्रथिन बनवणारा जीन, त्यात मध्येच थांब्याचं चिन्ह येऊ नये. इथे तक्ता बरोबर निवडा: निडारिया आणि टिनोफोरांसाठी क्रमांक ४, साल्पांसारख्या ट्युनिकेटांसाठी क्रमांक १३. सॉफ्टवेअर आपोआप क्रमांक १ घेतं, आणि त्यात टीजीए हा थांबा मानला जातो. या प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. चांगला क्रम खराब समजून फेकला जातो तो असा. ‘अपृष्ठवंशी’ असं लिहिलेला क्रमांक ५ पाहून मोह होतो, पण तोही इथला नाही. बरोबर तक्त्यावरही थांबे आले तर एखादा बेस चुकून जास्त किंवा कमी वाचला आहे, किंवा मायटोकॉन्ड्रियातून केंद्रकात गेलेली मृत प्रत वाढली आहे.

आठवी पायरी: नाव

क्रम ब्लास्टला (जेनबँकेत जुळणारे क्रम शोधणारं साधन) द्या आणि बोल्ड या बारकोडच्या भांडारालाही द्या. पहिल्या ओळीवर थांबू नका, पहिल्या दहा-वीस ओळी वाचा. टक्क्यांसोबत क्रमाचा किती भाग जुळला तेही पाहा. ९९ टक्के जुळणी, पूर्ण लांबीवर, वेगवेगळ्या संस्थांच्या व्हाउचर असलेल्या नोंदींशी, आणि तुमच्या फोटोतली लक्षणंही त्याच प्रजातीची: मग नाव लिहा. तितकीच जुळणी, पण दोन वेगळ्या नावांशी: कुणीतरी चुकलंय किंवा एक नाव जुनं आहे, मूळ शोधनिबंध उघडा. ९० च्या आसपास असेल तर प्रजातिसमूहापर्यंतच थांबा आणि पुढे ‘एसपी.’ (प्रजाती ठरलेली नाही) लावा. मासा निघाला तर पोटातला. माणूस निघाला तर तुमच्याच हातातला.

दोन-तीन टक्क्यांची सीमा सगळीकडे चालते असं पुस्तकांत वाचाल. ती अंदाजाला ठीक आहे. तुमच्या गटातली प्रजातींतर्गत आणि प्रजातींमधली अंतरं मेगात स्वतः काढून पाहा, मग सीमा ठरवा. भारताच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच प्रजातींच्या नोंदी भांडारात थोड्या आहेत, तेव्हा ‘जुळत नाही’ म्हणजे लगेच ‘नवी प्रजाती’ असं म्हणू नका. नवी प्रजाती जाहीर करायला शरीररचनेचं वर्णन, टाइप नमुना (नावाचा आधार ठरणारा) आणि जुन्या सगळ्या वर्णनांशी तुलना लागते.

ओळख आणि वर्गीकरण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ६५८ बेसचं झाड जवळची भावंडं सांगतं. कोणता गण कोणाजवळचा, सायफोनोफोर हायड्रोझोआत कुठे बसतात, टिनोफोर प्राण्यांच्या झाडाच्या अगदी बुंध्याशी आहेत का, हे प्रश्न अनेक जीन आणि जीनोम घेऊन सोडवायचे असतात. प्रकल्पाच्या अहवालात सीओआयच्या झाडावरून कुटुंबांची नाती मांडलेली दिसली की परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

नववी पायरी: नोंद

पाचशे बेसपेक्षा लांब, संशयित अक्षरं एक टक्क्याहून कमी, दोन्ही बाजूंचे क्रोमॅटोग्राम, फोटो, जीपीएस आणि व्हाउचर क्रमांक: एवढं असेल तर बोल्डवर खातं काढून प्रकल्प उघडा, आणि जेनबँकेत ऑनलाइन क्रम पाठवा. काही दिवसांत नोंदक्रमांक येतो; अहवालात तोच द्यायचा. नावाची खात्री नसेल तर प्रजातिसमूहापर्यंतच नोंदवा, नंतर सुधारता येतं. व्हाउचर कॉलेजच्या कपाटात ठेवू नका. प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रासारख्या संस्थेकडे जमा करण्याविषयी आधी लिहून विचारा, आणि त्यांनी दिलेला क्रमांक नोंदीत घाला. नमुना किंवा डीएनए परदेशात पाठवायची वेळ आली तर जैवविविधता कायदा, २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मंजुरीचं आधी पाहा. त्याला वेळ लागतो, तेव्हा अर्ज प्रकल्पाच्या सुरुवातीलाच करा. आणि ज्या मच्छीमाराने नमुना दिला, त्याला विचारून त्याचं नाव नोंदीत ‘संकलक’ म्हणून लिहा. बोल्डच्या अर्जात त्यासाठी वेगळा रकाना आहे.